दोघांत मिळून एक पेशंट

आरोग्यखात्याच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलू नये, अशी मनापासून इच्छा असलेला माणूस अख्ख्या युनायटेड किंगडममध्ये मी एकटाच असेन. बाकी सगळे त्यांनी बोलावं म्हणून झटताहेत. त्यासाठी समित्या आहेत, परिषदा आहेत, आणि माझा जावई नकुल तर त्याचाच पगार घेतो. रोज सकाळी सातच्या ट्रेनने ग्लासगोहून एडिनबराला जातो, एका हॉस्पिटलातल्या पेशंटची माहिती दुसऱ्या हॉस्पिटलाला कशी कळेल याचा दिवसभर विचार करतो आणि संध्याकाळी डोकं धरून परत येतो. त्याचं डोकं दुखलं की मला वाईट वाटायचं, पण आतून जरा हायसंही वाटायचं.

कारण होतं. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या जुन्या सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, माझ्या फाइलमध्ये एक पान होतं, जानेवारी २०१९चं. ते माझ्या बायकोने, यमुनेने, कधीही वाचू नये एवढीच माझी आयुष्याकडून उरलेली मागणी होती.

त्या सुमाराला मी नुकता निवृत्त झालो होतो. वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत छत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. माझ्या सहीशिवाय काटा कारखान्याबाहेर जात नसे. मग एका शुक्रवारी केक कापला आणि सोमवारपासून जगातले सगळे काटे माझ्याशिवाय बरोबर वजन दाखवायला लागले. मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायला लागलो. अशात सर्जरीचं पत्र आलं, की या आणि बीपी तपासून घ्या. गेलो. डॉक्टर हॅरिसन नावाची तरुण बाई होती. तिने दंडाला पट्टा बांधला, काढला, आणि सहज विचारलं, "अँड हाऊ आर यू इन युअरसेल्फ?" या देशात हा प्रश्न दिवसातून चारदा विचारतात आणि त्याला 'नॉट टू बॅड' एवढंच उत्तर असतं. मी 'नॉट' म्हटलं आणि रडायला लागलो. अकरा मिनिटं रडलो. समोर घड्याळ होतं, आणि मोजण्याची सवय जात नाही.

डॉक्टरणीने मला सहा मंगळवार एका शांत बाईकडे बोलायला पाठवलं. घरी मी सांगितलं, बीपी वाढलंय, सहा आठवड्यांचं क्लिनिक आहे. सहाव्या मंगळवारी मी परत माणसांत आलो आणि विषय संपला. यमुनेला यातलं अक्षरही सांगितलं नाही. वडील गेले तेव्हाही मी रडलो नव्हतो आणि यमुना ते चारचौघांत सांगायची, "हे फार खंबीर आहेत हो." आता बेचाळीस वर्षं खंबीर राहिल्यावर एका पट्ट्यापायी ती पदवी घालवायची का, असा माझा साधा प्रश्न होता.

यंदा मार्चमध्ये आम्ही स्लाऊचं घर विकून ग्लासगोला आलो, मुलीजवळ. देवयानीने आम्हाला दोन गल्ल्या सोडून तळमजल्याचा फ्लॅट बघून दिला आणि दुसऱ्याच दिवशी हेल्थ सेंटरमध्ये नाव नोंदवायला नेलं. तिथे कळलं, की स्कॉटलंडचे कॉम्प्युटर वेगळे, इंग्लंडचे वेगळे, आणि जुनं रेकॉर्ड पत्र पाठवून मागवावं लागतं. मला इतका आनंद झाला, की काउंटरवरच्या बाईला मी दोनदा थँक्यू म्हटलं. यमुनेने आपल्या फॉर्मवर स्लाऊच्या सर्जरीचं नाव, पत्ता, फोन, शेजारच्या बेकरीची खूण, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी माझ्या फॉर्मवर 'आधीचे डॉक्टर' या रकान्यात लिहिलं, 'कोणी नाही'.

प्रॅक्टिस मॅनेजर मोरॅगबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सेव्हंटी-टू, अँड यू'व्ह नेव्हर सीन अ डॉक्टर?"

"योगा," मी म्हटलं.

खोटं बोललो हे कबूल आहे. पण ते कुणाचं नुकसान न करणारं खोटं होतं, निदान तेव्हा तसं वाटलं.

इथे थोडं थांबून आपल्या दोन थोर हेडमास्तरांची ओळख करून द्यायला हवी. मी जन्मलो ऑक्टोबरमध्ये, राजापूरजवळच्या एका वाडीत. सातवं लागून गेल्यावर वडील मला शाळेत घेऊन गेले, तर हेडमास्तर म्हणाले, उशीर झाला, आणि त्यांनी माझी जन्मतारीख लिहिली एक जून एकोणीसशे बावन्न. त्याच काळात वाईजवळ दुसरे एक हेडमास्तर होते. त्यांच्याकडे एक चुणचुणीत मुलगी वेळेआधीच पाटी घेऊन हजर झाली. ते म्हणाले, लवकर आलीस, आणि त्यांनीही लिहिलं एक जून एकोणीसशे बावन्न. हे दोघे गृहस्थ एकमेकांना आयुष्यात कधी भेटले नाहीत. पण त्यांनी मिळून माझा आणि यमुनेचा जन्म एकाच दिवशी घडवून आणला, आणि पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत सगळीकडे तो तसाच आहे. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्या वर्गात एक जूनचे एकोणीस जण होते.

शिवाय आपल्या रिवाजाप्रमाणे बायकोच्या नावामध्ये नवऱ्याचं नाव बसलेलं असतं. मी पुरुषोत्तम धारप. ती यमुना पुरुषोत्तम धारप. आडनाव तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच, आणि 'पुरुषोत्तम' दोन्हीकडे.

तर झालं असं. ग्लासगोहून फक्त यमुनेचं रेकॉर्ड मागवलं गेलं. स्लाऊच्या सर्जरीत कुणीतरी फार दयाळू मनुष्य बसला असावा. त्याने बघितलं, की या घरातला नवराही ग्लासगोला गेलेला दिसतोय, मागवायचं विसरले असतील बिचारे. त्याने दोन्ही फाइली छापून एकाच खोक्यात भरून पाठवल्या. मी आधीच्या डॉक्टरांचं नाव नीट लिहिलं असतं, तर दोन खोकी आली असती. खोकं मग स्कॅन करणाऱ्या कंपनीकडे गेलं. तिथल्या माणसाने आडनाव बघितलं, तारीख बघितली, पत्ता बघितला, दोन्हीकडे पुरुषोत्तम बघितला, आणि हा एकच फार आजारी मनुष्य आहे असं ठरवून दोन्ही गठ्ठे एकत्र केले. कॉम्प्युटरने ते तारखेप्रमाणे लावले आणि यमुनेच्या नावावर चढवले. वडाची साल पिंपळाला लागली म्हणतात, तीही इतक्या टापटिपीने लागत नसेल.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तीन महिने आनंदात होतो. माझी फाइल कोरी होती आणि मी रोज क्लाइड नदीच्या काठी फिरायला जात होतो.

यमुनेचा उजवा गुडघा मात्र पार गेला होता. जिना चढताना ती कठड्याला धरून एकेक पायरी मोजायची. रात्री कूस बदलताना तिच्या तोंडून येणारा आवाज ती दाबायची आणि तो मला ऐकू यायचा. गुडघा बदलायचं ठरलं, नंबर लागला, आणि मध्येच कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झाल्यामुळे अचानक जवळची तारीख मिळाली. तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार. देवयानीने पेढे केले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून ऑपरेशनपूर्व तपासणीच्या नर्सचा फोन आला. यमुनेने तो स्पीकरवर टाकला, कारण तिला भाजी चिरत बोलायची सवय आहे.

"मिसेस धारप, आय सी यू हॅड युअर प्रोस्टेट एक्झॅमिन्ड इन ट्वेंटी-फोर्टीन."

यमुनेची सुरी थांबली. "नो डियर, दॅट वॉज माय हजबंड."

"इट सेज यू, लव्ह. अँड अ हर्निया इन नाइंटी-वन. अँड यू गेव्ह बर्थ इन एटी-सिक्स?"

"दॅट वॉज मी."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग नर्स म्हणाली, की एक 'वी प्रॉब्लेम' दिसतोय. ग्लासगोमध्ये सगळंच वी असतं, छोटंसं, मग घराचं छप्पर उडालं तरी. रेकॉर्डमध्ये पेनिसिलीनची अॅलर्जी दिसते, पण ती यातल्या कुणाची हे सांगता येत नाही, आणि हे निस्तरल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर यमुनेला हात लावणार नाहीत. दहा दिवसांत निस्तरलं नाही, तर तारीख दुसऱ्याला. अॅलर्जी यमुनेची आहे, आणि साधीसुधी नाही. एकदा एका गोळीने तिचा घसा बंद झाला होता आणि मी अँब्युलन्समध्ये तिचा हात धरून बसलो होतो. ती म्हणाली, "अॅलर्जी माझीच आहे." नर्स म्हणाली, "आय बिलीव्ह यू. बट द कॉम्प्युटर हॅज टू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी नात मायरा, वय वर्षं नऊ, हिने विचारलं, "म्हणजे आता आजोबा आजी झाली?"

मला चिंता प्रोस्टेटची नव्हती. माझं पान आलं होतं. नुसतं आलं नव्हतं, तर माझ्या बायकोच्या नावावर आलं होतं. आता ते उघडलं नाही तर तिचा गुडघा जातो आणि उघडलं तर माझा खंबीरपणा.

संध्याकाळी नकुलला सांगितलं. त्याचा चेहरा असा खुलला, की मला त्याचा राग आला. "बाबा, धिस इज ब्रिलियंट! हा क्लासिक मॅचिंगचा प्रॉब्लेम आहे. मी आमच्या प्रेझेंटेशनमध्ये घेऊ का? नाव नाही टाकणार." नाव टाकलं नाही, पण स्लाइड नंबर चौदावर फेटा बांधलेला एक म्हातारा आणि नऊवारीतली एक म्हातारी दाखवली आणि मध्ये लाल प्रश्नचिन्ह काढलं. मी आयुष्यात फेटा बांधलेला नाही. लग्नातसुद्धा टोपी होती.

"पण आता करायचं काय?" देवयानीने विचारलं.

"सिस्टिममध्ये अनमर्ज करता येत नाही," तो म्हणाला. "जोडायचं बटन आहे. तोडायचं कोणी बनवलंच नाही. माणसानेच बसून करावं लागेल."

वरच्या मजल्यावर राजीव सबनीस राहतात. चाळीस वर्षं ग्लासगोमध्ये दातांचे डॉक्टर होते, त्यामुळे दात सोडून सगळ्या विषयांवर बोलतात. ते खाली आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "धारप, ऐका माझं. सरळ कम्प्लेंट टाका. लेखी. आणि खाली लिहा, कॉपी टू माय लॉयर."

"माझा लॉयर नाहीये."

"त्यांना कुठे माहितीये? नाही तर असं करा, वहिनींना सांगा छातीत दुखतंय म्हणून. थेट अॅडमिट. आत गेल्यावर गुडघ्याचं बघता येतं."

"अहो, मग ते हार्टची तपासणी करतील," यमुना म्हणाली.

"करू द्या की. फुकट आहे."

मी मान डोलावत होतो, पण मनात दुसराच बेत चालला होता. दुसऱ्या दिवशी, यमुना फिजिओकडे गेल्यावर, मी एकटाच हेल्थ सेंटरला गेलो. मोरॅगबाईंना म्हटलं, माझी पानं कुठली ते मी ओळखतो. मला पाच मिनिटं बसू द्या, मी माझी काढून घेतो आणि जातो.

त्या म्हणाल्या, "आय कॅन्ट, मिस्टर धारप. इट्स युअर वाइफ्स रेकॉर्ड."

"पण त्यात माझे आजार आहेत!"

"देन यू'ल नीड हर कन्सेंट."

म्हणजे माझं स्वतःचं दुखणं बघायला मला बायकोची लेखी परवानगी हवी होती. आणि बायकोला मात्र माझं दुखणं बघायला कुणाचीच परवानगी नको, कारण कागदोपत्री ते तिला झालेलं होतं. मी टेबलावर हात आपटला. तिथे गोपनीयतेच्या पत्रकांची चळत होती, ती खाली पडली. ती मीच उचलली. "शिवाय," मोरॅगबाई मला पत्रकं उचलू देत म्हणाल्या, "यू टोल्ड मी यू'ड नेव्हर सीन अ डॉक्टर." मी योगाचं नाव पुन्हा काढलं नाही.

शेवटी तोडगा निघाला तो असा. रेकॉर्ड यमुनेचं, म्हणून छापील प्रत यमुनेला मिळेल. दोनशे चौदा पानं. सोबत दोन मार्कर, एक गुलाबी, एक पिवळा. जे यमुनेचं ते तिने गुलाबी करायचं, जे माझं ते मी पिवळं. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. रंगवलेला गठ्ठा शुक्रवारपर्यंत आणून दिला, की मोरॅगबाई स्वतः बसून दोन फाइली करतील. एकविसाव्या शतकातल्या माहिती-तंत्रज्ञानाचा हा परमोच्च बिंदू मी घरी पिशवीतून आणला, आणि तो वजनाला बरोबर एक किलो सत्तर ग्रॅम होता. काट्यांचा इन्स्पेक्टर असल्यामुळे हे मी हाताने सांगू शकतो.

"मी करतो सगळं," मी यमुनेला म्हटलं. "तू पड जरा. पाय वर कर."

"माझं रेकॉर्ड आहे," ती म्हणाली. "मीही बसणार."

दुपारी ती झोपल्यावर जानेवारी २०१९ तेवढं काढून घ्यावं म्हणून मी हळूच खोलीत गेलो. फिजिओने तिला पायाखाली उंच काहीतरी घ्यायला सांगितलं होतं. तिने गठ्ठाच घेतला होता. दोनशे चौदा पानांवर तो दुखरा गुडघा विसावला होता आणि ती मंद घोरत होती. मी पाच मिनिटं तिथे उभा राहिलो. ओढावं तर ती जागी होणार, आणि मुख्य म्हणजे तिला दुखणार. परत फिरलो.

मग सुरू झाली वाटणी. दोन भावांमध्ये जमिनीची वाटणी होताना मी पाहिली आहे. पण त्यात प्रत्येक जण 'माझं माझं' म्हणतो. इथे निम्म्या वेळा दोघंही 'तुझं तुझं' म्हणत होतो. देवयानी मदतीला येते म्हणाली, तर यमुनेने तिला फोनवरच अडवलं. "नको गं. हे आमचं दोघांचं आहे."

"वजन ब्याऐंशी किलो, २००३," यमुनेने वाचलं. "तुमचं."

"माझं कधीच अठ्ठ्याहत्तरच्या वर गेलं नाही. मी काट्यांच्या कंपनीत होतो."

"मग माझं होतं असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी निमूटपणे पिवळं केलं.

१९९४ची पोटाची बाधा दोघांनाही झाली होती, त्याच लग्नातल्या त्याच श्रीखंडाने. त्या पानावर आम्ही अर्धा अर्धा रंग दिला. कावीळ मात्र माझी होती, आणि ती तिने सरळ गुलाबी करायला घेतली. "अगं, माझी कावीळ तू कशी घेतेस? मी तीन आठवडे उसाचा रस शोधत साउथॉलला जात होतो!"

"मी जात होते," ती म्हणाली. "तुम्ही झोपून होतात." हेही खरं होतं.

दोन दिवस असे गेले. किती आजारी पडलो होतो आम्ही, आणि किती विसरलो होतो. तिच्या मानेची गाठ, जी साधी निघाली. मधली ती दुसऱ्या खेपेची तीन ओळींची नोंद, जिच्यानंतर देवयानीला भाऊ झाला नाही. ती ओळ यमुनेने गुलाबी केली आणि पान उलटलं. मी चहा करायला उठलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

गुरुवारी दुपारी २०१८ संपलं. पान उलटायचा मान तिचा होता. माझ्या हातातल्या मार्करचं टोपण मी तीनदा लावलं, तीनदा काढलं. मनात भाषण तयार होतं: ही नोंद चुकून तिसऱ्याच कुणाची आलेली दिसते, हल्ली फार गोंधळ आहे, मोरॅगबाईंना सांगायला हवं.

पानावर वरतीच २३ जानेवारी असणार, अशी माझी खात्री होती. पण वरती ११ जानेवारी होती. ती माझी नव्हती. मी चष्मा सारखा केला. इंग्रजीत चार ओळी होत्या आणि त्यांचा अर्थ असा: 'स्वतःची तक्रार नाही. नवऱ्याची काळजी वाटते. ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून बोलत नाहीत, दिवसभर गॅरेजमध्ये बसून असतात. स्वतःहून डॉक्टरकडे येणार नाहीत. काही निमित्त काढून बोलावता येईल का, असं विचारते. त्यांना कळू नये अशी विनंती. इथे बोलताना रडली.'

त्याच्या बरोबर खाली माझी: '२३ जानेवारी. पत्नीशी ठरल्याप्रमाणे बीपीच्या निमित्ताने बोलावलं. बीपी १२४ / ७८, उत्तम.' आणि मग ती अकरा मिनिटं.

दोन वेगळ्या फाइलींत या नोंदी जन्मभर एकमेकींना भेटल्या नसत्या. मी वर बघितलं. यमुना खिडकीबाहेर बघत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"पत्र तू पाठवायला लावलंस?"

"मग काय करायचं होतं? तुम्ही त्या गॅरेजमध्ये दिवाही लावायचा नाहीत हो."

पहिल्यांदा मला राग आला. खरं सांगतो, राग आला. वाचकहो, एक गोष्ट सांगायची मी टाळली होती. बीपी वाढल्याचं घरी सांगितल्यावर यमुनेने त्याच संध्याकाळी माझ्या जेवणातलं मीठ बंद केलं. आमटी अळणी, भाजी अळणी, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. सहा वर्षं. खोटं मीच बोललो होतो, त्यामुळे कुरकुर करायची सोय नव्हती. मी तिच्यासमोर अळणी भात कालवत राहिलो.

"म्हणजे माझं बीपी उत्तम आहे हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"डॉक्टर हॅरिसननी फोन करून एवढंच सांगितलं होतं, की बीपी चांगलं आहे, काळजी करू नका. बाकी काही सांगता येत नाही म्हणाल्या."

"मग सहा वर्षं मला अळणी का खायला घातलंस?" माझा आवाज इतका चढला, की वरून सबनीसांनी काठी आपटली.

यमुना शांतपणे म्हणाली, "बीपी आहे असं तुम्ही सांगितलंत. नाही, हेही तुम्हीच सांगायचं ना? मी कशी सांगणार? रोज वाढताना वाटायचं, आज चिडतील, ताट सरकवतील, आणि सांगून टाकतील काय झालं होतं ते. तुम्ही आपले खात राहिलात." मग तिचा आवाज जरा बारीक झाला. "मला कधी सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

मला लाज वाटली. तिने मला न विचारता डॉक्टरला गाठलं याचा अजून थोडा रागही होता. आणि या सगळ्याखाली मला इतकं बरं वाटलं, की तो शब्द कुठल्या फाइलमध्ये लिहितात मला माहीत नाही. मी म्हटलं, "तू सगळ्यांना सांगायचीस, हे खंबीर आहेत म्हणून."

"ते लोकांना सांगायचं असतं," यमुना म्हणाली. "घरात कशाला पाळायचं?"

मी तिला सगळं सांगितलं. अकरा मिनिटं, सहा मंगळवार, ती शांत बाई, सगळं. अर्धा तास लागला. मध्ये मी पुन्हा रडलो, या खेपेला किती वेळ ते बघितलं नाही. मग तिने वरची नोंद गुलाबी केली, मी खालची पिवळी केली, आणि दोघांनी सह्या केल्या.

शुक्रवारी गठ्ठा घेऊन मी हेल्थ सेंटरला गेलो. मोरॅगबाईंनी शेवटचं पान येईपर्यंत एकेक पान तपासलं. सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या. दुपारपर्यंत दोन फाइली होतील, अॅलर्जी मिसेस धारपांच्या नावावर जाईल, नर्सला त्या स्वतः फोन करतील, मंगळवार पक्का. मी आभार मानले, दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

"११ जानेवारी २०१९ची नोंद आहे," मी म्हटलं. "गुलाबी. ती माझ्याही फाइलमध्ये हवी."

"दॅट्स युअर वाइफ्स एंट्री, मिस्टर धारप."

"तिची परवानगी आणली आहे. लेखी." मी खिशातून कागद काढला.

त्यांनी चष्मा काढला. गेला आठवडाभर हा माणूस आपली पानं बायकोच्या फाइलमधून काढा म्हणून डोकं खात होता आणि आता बायकोचं पान आपल्या फाइलमध्ये घाला म्हणतो. त्यांची काही चूक नव्हती. एक नोंद एकाच पेशंटची असते, असं त्यांनी मला समजावलं. आणि ती नोंद वाचून म्हणाल्या, की यात तुम्हाला काही झालेलं नाही, तपासणी नाही, औषध नाही. मग ती कशाला हवी?

"माझा इलाज तिथून सुरू झालाय," मी म्हटलं.

मोरॅगबाईंनी पुन्हा एकदा त्या चार ओळी वाचल्या. मग खालचा ड्रॉवर उघडला आणि एक फॉर्म काढला. अकरा पानांचा. शेजारच्या खुर्चीवर बसून मी पेन उघडलं आणि पहिल्या रकान्यात 'आधीचे डॉक्टर' याच्यापुढे स्लाऊच्या सर्जरीचं नाव, पत्ता आणि फोन नीट अक्षरात लिहिला.